बहात्तरची खडी

दुष्काळावरचं व्याख्यान संपवून आम्ही कॅन्टीनमध्ये आलो तेव्हा बाहेर नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा तो आडवा पाऊस लागला होता, छत्रीला न जुमानणारा. व्याख्यानात सरांनी जगाचा एक नकाशा दाखवला होता. १९७२ ते ७४ या काळात जिथे जिथे पावसानं दगा दिला ते प्रदेश त्यात तपकिरी रंगवले होते. सहाराच्या खालचा लांबच लांब पट्टा, इथिओपियाचा उत्तर भाग, आणि आपल्या पश्चिम भारतावर एक डाग. माझ्यासमोर ट्रे घेऊन बसलेला वर्गमित्र इथिओपियातल्या वोलो भागातला. त्यानं सूप ढवळत विचारलं, "तो डाग तुझ्या गावावर येतो ना?" मी म्हटलं, "हो, बरोबर गावावर." सांगली जिल्ह्यातला आमचा आटपाडी तालुका त्या डागाच्या अगदी मधोमध होता. मग त्यानं, आपण पाऊस किती मिलिमीटर झाला असं विचारतो त्याच साध्या सुरात विचारलं, "मग तुमच्याकडे किती माणसं गेली?"

मी म्हटलं, जनावरं गेली. गोठेच्या गोठे रिकामे झाले. पण भुकेनं आमच्या गावातलं माणूस गेलं नाही, असं आजी सांगते.

त्यानं चमचा खाली ठेवला. "एकही नाही?" आणि थोड्या वेळानं, "कसं काय?" मी काहीतरी उत्तर दिलं, सरकारनं कामं काढली होती, लोक खडी फोडत होते वगैरे. तेवढ्यात पुढच्या तासाची वेळ झाली आणि आम्ही उठलो. तास भूजलाचा होता आणि माझं त्यात लक्ष नव्हतं. त्याचं ते "कसं काय?" डोक्यात घोळत राहिलं. आमच्या घरात बहात्तरचा दुष्काळ शेकडो वेळा सांगितला गेला होता. तो सांगताना कुणाचा आवाज कधी ताठ झाला नव्हता. ती हाल सोसल्याची गोष्ट होती, आणि आजीच्या पिढीसाठी थोडी लाजेचीही. आणि इथे, समुद्रसपाटीच्या आसपास वसलेल्या एका परक्या गावात, एक माणूस ती गोष्ट ऐकून जेवायचा थांबला होता.

देशाचा अभिमान म्हणजे काय हे मला माहीत होतं, निदान तसं वाटत होतं. शाळेत पंधरा ऑगस्टची प्रभात फेरी, इस्त्रीचा कडक गणवेश, ओल्या मैदानावर फक्कीनं आखलेल्या रेघा, झेंड्यातून पडणाऱ्या फुलांच्या पाकळ्या, शेवटी गोळ्या-बिस्किटं. राष्ट्रगीताच्या शेवटच्या 'जय हे'ला अंगावर येणारा काटा खरा होता, आजही येतो. पण तो काटा कशासाठी येतो असं कुणी विचारलं असतं तर मला नेमकं सांगता आलं नसतं. डेल्फ्टला आल्यावर पहिल्या आठवड्यात ओळखीपाळखी झाल्या तेव्हा भारत म्हटल्यावर जे यायचं ते आलं: सिनेमे, क्रिकेट, तिखट जेवण. त्यात वाईट काही नव्हतं. पण ते ऐकताना आनंद व्हावा तसा होत नव्हता, आणि त्याचं कारणही कळत नव्हतं.

आमची संस्था १९५७ पासून जगभरातल्या पाण्याच्या इंजिनियरांना शिकवते. वेस्टवेस्ट नावाच्या रस्त्यावर, कालव्याच्या काठाला तिची इमारत आहे. वर्गातले बहुतेक जण माझ्यासारखे नोकरीतून रजा काढून आलेले, कुणी धरणावर, कुणी पाणीपुरवठ्यात, कुणी नदीखोऱ्याच्या कार्यालयात काम करणारे. सुदान, केनिया, झिम्बाब्वे, बांगलादेश, नेपाळ, कोलंबिया, इजिप्त. अशा वर्गात एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. आपण आपल्या देशाबद्दल काय सांगायचं याची तयारी करून आलेलो असतो, आणि समोरच्याकडे आपल्या देशाबद्दलचं काहीतरी भलतंच असतं, ज्याची आपल्याला कल्पनाही नसते.

सुदानच्या वर्गमित्रानं एकदा चालता चालता सांगितलं की त्यांच्या देशातली पहिली निवडणूक एका भारतीयानं घेतली. मला वाटलं तो काहीतरी घोळ करतोय. खोलीवर जाऊन शोधलं तर खरंच, आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन १९५३ मध्ये सुदानला गेले होते, तिथल्या निवडणुकीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष म्हणून. आपली स्वतःची पहिली सार्वत्रिक निवडणूक संपून फार दिवस झाले नव्हते. वोलोच्या मित्राच्या वडिलांना गणित शिकवणारे मास्तर भारतीय होते. सम्राट हेले सेलासीच्या काळात हजारो किलोमीटर ओलांडून आपले शिक्षक इथिओपियाच्या लहान लहान गावांत शिकवायला गेले होते, आणि तिकडे एका पिढीच्या तोंडी अजून त्यांची नावं आहेत. तो सांगायचा, वडील आजही हिशेब चुकला की म्हणतात, मास्तर असते तर छडी बसली असती.

झिम्बाब्वेची मैत्रीण मात्र असं काही सहज बोलणाऱ्यातली नव्हती. एका रात्री अभ्यास करत बसलो असताना तिनं पर्समधून डोकेदुखीची गोळी काढली, पाकीट उलटं करून बघितलं आणि म्हणाली, "तुमच्याकडची आहे." मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "माझी आईपण तुमच्याकडच्या गोळ्यांवर जगली." एड्सच्या औषधांची ती गोष्ट मला बातम्यांमधून अर्धवट माहीत होती. एका रुग्णाच्या वर्षाच्या औषधाला दहा-बारा हजार डॉलर पडत असताना २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं तीन औषधांचा तोच उपचार दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत देऊ केला. ते शक्य झालं याचं एक कारण १९७० चा आपला पेटंट कायदा. औषधाच्या रेणूवर नव्हे, तर तो बनवण्याच्या पद्धतीवरच तेव्हा पेटंट देणारा. दिल्लीत संसदेत कुणीतरी एका कलमावर हात वर केले, आणि तीस वर्षांनी हरारेतल्या एका बाईला मुलीचं लग्न बघता आलं. मैत्रिणीनं आभार मानले नाहीत. मीही काही बोलले नाही, माझा त्यात काय वाटा होता? पण त्या रात्री खोलीवर जाताना जिन्यात मी थांबले. छाती भरून आली होती. राष्ट्रगीताच्या काट्यापेक्षा हे वेगळं होतं, आणि याचं कारण मला नेमकं सांगता येत होतं.

आणि तरी, हे सगळं वाडवडिलांच्या पुण्याईसारखं होतं. कुणी सुकुमार सेन, कुणी मास्तर, कुणी औषध बनवणारे. माझ्या हाताला लागलेलं असं त्यातलं काही नव्हतं. माझ्या घरातलं जे होतं, ते आजीच्या हातावर होतं.

आजीच्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची नखं वाकडी आहेत. लहानपणी मला वाटायचं म्हातारपणी सगळ्यांचीच होतात. बहात्तर साली ती पंचविशीत होती, पदरात दोन पोरं, तिसरं पोटात. पावसानं सलग तोंड फिरवलेलं. विहिरीचा तळ उघडा पडलेला, माणगंगेच्या पात्रात वाळूत झरे खणून बाया वाटीनं पाणी भरायच्या. आजोबांनी बैल चारापाण्यावाचून मरू नयेत म्हणून ते मिळेल त्याला दिले आणि परत आल्यावर दावणीजवळ बसून राहिले, ते जेवायला उठेनात. मग गावाच्या माळावर खडीचं काम निघालं. मोठे दगड फोडून त्यांची बारीक खडी करायची, चौकटीत भरून ब्रासच्या मापानं मोजून द्यायची. आजी सांगते, पहिले दोन दिवस बायका उजाडायच्या आत, तोंडावर पदर ओढून जायच्या, कुणी बघू नये म्हणून. "पाटलाच्या वाड्यातली बी हुती आन वेशीभायरची बी हुती. समदी एका वळीत बसायची. तिसऱ्या दिवशी पदर आपुआप मागं ग्येला." हातोडा दगडाऐवजी बोटावर बसायचा. चिंधी बांधायची आणि पुन्हा फोडायची. दगडाची कपची डोळ्यात जायची. धाकट्याला बाभळीच्या फांदीला झोळी बांधून त्यात निजवायचं, आणि त्याच्या तोंडावर बसणाऱ्या माश्या हाकलायला थोरल्या लेकीला बसवायचं, जी स्वतःच चार वर्षांची.

दुपारी सुकडी मिळायची, दुष्काळी कामावर वाटला जाणारा कोरडा खाऊ. पिवळट, गोडूस, मूठभर. आजीला अजूनही तो वास आठवतो आणि नकोसा होतो. घरी रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी. भाकरी थापताना तुटायची, तव्यावरून उचलताना तुटायची, खाताना घशात अडकायची. पण ती होती. आठवड्याला मस्टर, म्हणजे हजेरीपट, वाचलं जायचं, मुकादम नाव पुकारायचा, अंगठा उठवायचा आणि पैसे हातात. "म्या जलमात पयल्यांदा माझ्या नावानं पैसं घेतलं," असं आजी म्हणते. हे वाक्य ती सुकडीच्या आणि फुटलेल्या बोटांच्या मध्ये कुठेतरी पुटपुटते, आणि आम्हीही लहानपणापासून ते तसंच ऐकलं होतं, पुढे सरकत.

१९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती.

पन्नास लाख. आजी, तिच्या शेजारची पाटलाची सून, वेशीबाहेरच्या बाया, आणि अशी प्रत्येक गावात एकेक ओळ.

वोलोच्या मित्रानं एका रविवारी आम्हाला कॉफीला बोलावलं. त्यांच्याकडे कॉफी म्हणजे दोन तासांचं काम. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जमिनीवर हिरवं गवत पसरलं, लहानशा तव्यात कच्च्या हिरव्या बिया भाजल्या, धूर प्रत्येकाच्या नाकाखालून फिरवला, मग काळ्या मातीच्या सुरईतून कपात धार सोडली. सोबत मक्याच्या लाह्या. तीन फेऱ्या प्यायच्या असतात आणि तिसरीला आशीर्वादाचं नाव आहे, त्यामुळे मधे उठून जायचं नाही. त्याच्या बायकोनं पाठवलेल्या टेफच्या पिठाची इंजेरा होती, आंबोळीसारखी जाळीदार आणि आंबट, मला ती पहिल्याच घासाला घरची वाटली. तिसरी फेरी सुरू असताना मी आजीची गोष्ट त्याला नीट, सुरुवातीपासून सांगितली. बैल, खडी, झोळी, सुकडी, मस्टर.

मग त्यानं त्याच्या आजीची सांगितली. तीच वर्षं, तसंच रान. बैल विकले, मग बियाणं खाल्लं, मग घराच्या छपराचं लाकूड विकलं. पुढे विकायला काही उरलं नाही तेव्हा माणसं मोठ्या रस्त्याकडे चालत निघाली, रस्त्यावरून कुणी जाईल, थांबेल या आशेनं. त्याची आजी तीन मुलांना घेऊन निघाली आणि एकाला घेऊन परत आली. राजधानीत सम्राटाच्या सरकारनं दुष्काळाचं नाव काढू दिलं नव्हतं, देशाची अब्रू जाईल म्हणून. जगाला कळलं ते १९७३ च्या शरदात, परदेशी कॅमेरा तिथे पोचला तेव्हा. पुढच्या सप्टेंबरात सम्राटाची गादी गेली. "अब्रूच्या भीतीनं लपवलं," मित्र म्हणाला, "आणि अब्रू त्यामुळेच गेली."

मी गप्प होते. आपल्याकडेही त्या वर्षी कुणी फार थोर होतं असं नाही. पण आपल्याकडे लपवणं जमण्यासारखं नव्हतं. पेपर रोज छापत होते. विधानसभेत आमदार प्रश्न विचारत होते, तालुक्याला मोर्चे निघत होते, मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. ज्या गावात काम निघालं नाही तिथली माणसं कचेरीसमोर जाऊन बसत होती. शिवाय एक विचार आधीपासून तयार होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्याचा प्रयोग केला होता: जो काम मागेल त्याला गावाजवळ काम द्यायचं. विसापूर आमच्याच जिल्ह्यातलं. बहात्तरनंतर तो विचार कायद्यात गेला. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर भत्ता. दुष्काळात दिलेली मदत कायद्यानं हक्काची झाली.

इथे मला एक सांगितलं पाहिजे. पुढे मी अभ्यासासाठी त्या काळाबद्दल वाचलं तेव्हा दिसलं की महाराष्ट्रात त्या वर्षांत मृत्यू अजिबात वाढले नाहीत असं लोकसंख्येचे अभ्यासक म्हणत नाहीत. वाढले. भूक नुसती पोट रिकामं ठेवत नाही, ती ताप, हगवण, गोवर यांना दार उघडून देते, आणि त्यात आधी लहान पोरं जातात. आजीचं पोटातलं मूल जन्मलं आणि सव्वा महिन्यात गेलं. घरात त्याची गणती दुष्काळात कुणी केली नाही, "ते नाजूकच हुतं" एवढंच म्हणतात. मी मित्राला हेही सांगितलं. तो म्हणाला, "तरी तुझ्या आजीला रस्त्यावर यावं लागलं नाही." हे त्यानं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. ते तसंच होतं.

आमची सहल झीलंड प्रांतात गेली, तिथल्या पूररक्षणाची कामं बघायला. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री वादळानं समुद्र आत घुसला आणि नेदरलँड्समध्ये १८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी जे बांधलं ते बघताना इंजिनियर माणसाचा श्वास अडकतो. पूर्व शेल्ट खाडीच्या मुखावरचा बांध, बासष्ट पोलादी दरवाजे, १९८६ मध्ये राणीच्या हस्ते उद्घाटन. वाऱ्यानं कान बधिर झाले होते आणि प्रत्येक जण पोलादी दरवाज्यांचे फोटो काढत होता. पण माझ्या मनात राहिलं ते दुपारचं. ओवरकर्क नावाच्या गावाजवळ, फुटलेल्या बांधाचं खिंडार बुजवायला त्या वेळी समुद्रात बसवलेल्या काँक्रीटच्या चार प्रचंड पेट्यांच्या आतच त्यांनी पुराचं संग्रहालय केलं आहे. आत एका अंधाऱ्या जागेत वाळूवर उजेडानं नावं उमटतात, त्या रात्री गेलेल्या प्रत्येकाचं नाव. एक बाळ त्याच रात्री जन्मलं आणि गेलं, त्याचं नाव ठेवायचं राहिलं होतं. त्यालाही त्यांनी गणतीत धरलं आहे, १८३५ अधिक १ असं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. सव्वा महिन्याच्या माझ्या काकाचं किंवा आत्याचं, कारण मुलगा होता की मुलगी हेही मला माहीत नव्हतं, नाव आमच्या घरात कुणी उच्चारलेलं मला आठवत नव्हतं.

बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "ह्यांनी मेलेल्यांची नावं जपली. तुमच्याकडे जगलेल्यांची असतील की, त्या हजेरीच्या कागदांवर." बसमध्ये परतताना तो झोपला आणि मी खिडकीबाहेर सपाट हिरवं रान बघत बसले.

अभिमानाची दुसरी बाजूही त्याच वर्गात दिसली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हाच मित्र निळ्या नाईलवरच्या त्यांच्या मोठ्या धरणाबद्दल बोलू लागला की त्याचा चेहरा बदलायचा. २०११ च्या एप्रिलमध्ये त्याची पायाभरणी झाली. परदेशी बँकांकडून पैसा मिळेना, तेव्हा लोकांनी रोखे घेतले, सरकारी नोकरांनी महिन्याचा पगार दिला. त्यानंही दिला होता, आणि रोख्याचा फोटो फोनमध्ये होता. तो हे सांगायचा तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली कैरोची मुलगी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांत धरून ऐकत राहायची. ती भांडायची नाही. तिच्या देशाचं जवळपास सगळं पाणी त्याच नदीतून येतं. एकाचा ऊर भरून येतो तेव्हा दुसऱ्याच्या पोटात गोळा येतो, हे मी त्या टेबलावर पाहिलं, आणि मनात कैरोच्या मुलीची बाजू घेतली.

पुढच्याच आठवड्यात माझी पाळी आली. वाटाघाटींच्या तासाला बाईंनी देश उलटे वाटून दिले. बांगलादेशाची बाजू मी मांडायची आणि भारताची, राजशाहीहून आलेल्या मैत्रिणीनं. विषय फरक्का, बांगलादेशाच्या सीमेजवळचा आपला बंधारा. तो १९७५ पासून चालू आहे, कोलकात्याच्या बंदरातला गाळ हलावा म्हणून गंगेचं पाणी वळवणारा. १९९६ चा करार मी तोपर्यंत कागदावरच वाचला होता: १ जानेवारी ते ३१ मे पाण्याची वाटणी, फरक्काला सत्तर हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं निम्मं. रात्रभर बसून मी बांगलादेशाच्या बाजूनं मुद्दे काढले. सकाळी बोलायला उभी राहिले आणि कोरड्या पडलेल्या पद्मेबद्दल, म्हणजे तिकडच्या गंगेबद्दल, खारं होत चाललेल्या सुंदरबनाबद्दल बोलू लागले तेव्हा माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा जास्त खरा निघाला. आटपाडीच्या माणसाला खालच्या गावाचं दुखणं सांगायला नाटक करावं लागत नाही. वरच्या धरणाचं पाणी सुटेल का, याची वाट बघण्यात आमच्या पिढ्या गेल्या. मैत्रिणीनं भारताची बाजू इतकी चोख मांडली की मला राग आला, आणि मग जाणवलं की हे शब्द तिनं आयुष्यभर दुसऱ्या बाजूनं ऐकलेत. तास संपल्यावर ती म्हणाली, "छान बोललीस. तुमच्या साहेबांना पाठव." ती हसली नाही.

तेव्हापासून मी मनात दोन कप्पे केले आहेत. धरणाची उंची, अग्निबाण, अर्थव्यवस्थेचा क्रमांक, यांचा आनंद मला होतो, मी तो दाबत नाही. पण त्यांच्या खालच्या अंगाला कुणीतरी असतं. आजीच्या खडीचं तसं नाही. पाटलाच्या सुनेनं आणि वेशीबाहेरच्या बाईनं एका ओळीत बसून दगड फोडले, संध्याकाळी दोघींच्या चुली पेटल्या, यात कैरोच्या किंवा राजशाहीच्या मुलीनं घाबरावं असं काही नाही. असा अभिमान मी कुणाच्याही समोर बाळगू शकते.

परत आल्यावर हे सगळं बोलायला जागा कमी मिळते. रोजगार हमी म्हटलं की लोकांना बोगस मस्टर आठवतं, खड्डे खणून बुजवल्याच्या गोष्टी आठवतात, महिनोन्महिने थकलेली मजुरी आठवते. ते खोटं नाही. मी जलसंधारणात काम करते, मजुरी थकल्यावर तीन तीन वेळा पंचायत समितीत चकरा मारणारी माणसं मला रोज दिसतात, आणि काम मागितल्याची तारखेसह पोच द्यायला टाळाटाळ होते तेव्हा माझा संताप होतो. पण या योजनेला हसणाऱ्यांवरही होतो. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला पीटीचे दोनशे रुपये कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे. तो व्यवसाय कर १९७५ मध्ये रोजगार हमीच्या खर्चासाठीच लावला गेला. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या खडीवरच्या बाईसाठी पैसे द्यायचे, असं आपण एकदा ठरवलं होतं. किती जणांना हे ठाऊक आहे? पुढे २००५ मध्ये त्याच धर्तीवर अख्ख्या देशाचा कायदा झाला. आणि त्याच वर्षी इथिओपियानं आपली योजना सुरू केली, दुष्काळी भागातल्या घरांना कामाच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देणारी. वोलोचा मित्र आज त्याच योजनेवर काम करतो. डोंगरउतारावर दगडी बांध घालून माती अडवायची. तो फोटो पाठवतो, मी बांधाचा उतार चुकलाय असं कळवते, तो त्यावर वाद घालतो.

गेल्या वर्षी त्यानं लिहिलं की तालुक्याच्या नव्या कर्मचाऱ्यांना शिकवताना तो माझ्या आजीची गोष्ट सांगतो, पण "भारतातली एक बाई" म्हणावं लागतं, तर तिचं नाव कळव. मी सुट्टीत गावी गेले तेव्हा आजीला विचारलं. आता आमच्याकडे टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं आहे, डाळिंबाच्या बागा आहेत, आणि माळावरचा दुष्काळातला पाझर तलाव गाळानं अर्धा भरला आहे. आजी ओट्यावर शेंगा फोडत होती. तिला वाटलं कुणी सरकारी चौकशी करतंय.

"माझं नाव त्येला कशाला पायजे? मस्टरवर आसंल की."

मी म्हटलं, अगं, तिकडच्या पोरांना सांगायचंय त्याला. तुझ्यासारखीच त्याची आजी होती, तिला काम मिळालं नाही. तिनं शेंगा फोडणं थांबवलं. त्या बाईची किती पोरं होती, त्यातली किती राहिली, हे तिनं विचारून घेतलं. मग म्हणाली, "एकलीचं नगं सांगू. मी एकलीनं फोडली न्हाय." आणि तिनं तिच्या टोळीतल्या बायकांची नावं सांगायला सुरुवात केली, सासरच्या आडनावांसकट, मुकादम पुकारायचा त्याच क्रमानं. काही जणी कधीच्या गेल्या, दोघी अजून गावात आहेत. पाटलाच्या सुनेचं नाव चौथं होतं, आजीचं सातवं. मी फोनवर लिहून घेत होते आणि ती मधेच थांबून, नीट लिहिलंस का, म्हणून विचारत होती. सगळी यादी संपल्यावर मी धीर करून, सव्वा महिन्याच्या त्या बाळाचं नाव काय ठेवलं होतं, तेही विचारलं. तिनं सांगितलं. मुलगी होती.

ती नावं मी त्याच रात्री वोलोला पाठवली. बाळाचं पाठवलं नाही, ते आमच्या घरच्या वहीत लिहिलं.